पायांच्या डॉक्टरकीची चौकशी

दोहा, गुरुवार संध्याकाळ

डोकं चालेनासं झालंय. रेश्माला बारावीनंतर पोडिएट्रिस्ट, म्हणजे पायांची डॉक्टर व्हायचंय. मी आपला इथल्या पायांच्या क्लिनिकमधल्या, वसईच्या डिमेलो सिस्टरना म्हटलं, "पोरीला सुट्टीत हाताखाली घ्या, बघून शिकेल." मी गॅरेज असंच शिकलो. त्या हसल्या. "अहो शिंदेभाऊ, आधी बाहेरची डिग्री, मग तिकडेच नोकरीचा अनुभव, मग इथली परीक्षा. तेव्हा लायसन." डिग्री ठीक. पण तिकडेच नोकरी? म्हणजे किती वर्षं? घरी येऊन रेश्माला सगळं समजावलं. ती म्हणाली, "बट बाबा, इथलं लायसन कोण मागतंय?" खरंच, कोण मागत होतं? ती तर कधीच बोलली नव्हती. शिकून ती परत इथे दोह्यालाच येणार, हे मीच धरून चाललो होतो.