माझ्या खोलीतली मोटार

अहो,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची ती दोन सीटांची लाल मोटार थोरल्याने नव्यासारखी करून घेतली. आत उंदरांची बाळंतपणं झालेली, वासाने मी नाकाला पदर लावला. तिच्यापायी त्याने घरावर कर्ज काढलं. मग तिला ओल बाधते म्हणून ती आली माझ्या खालच्या खोलीत आणि मी गेले गुडघे सांभाळत माडीवर. नात म्हणते, "आजी, बाबांनी तिला हीटर लावलाय." मला कुणी साधी शाल विचारली नाही.

"निदान चालव तरी," म्हटलं, तर म्हणतो, "आई, चालवली की किंमत उतरते." शिसारी आली बघा.

तुम्ही ती माझ्या नावावर घेतली होतीत, हे तो विसरला. सोमवारी गिऱ्हाईक बोलावून मी ती विकून टाकली. कर्ज फिटलं, माझा पलंग खाली आला.

थोरल्याने अबोला धरलाय. पण संध्याकाळी मोटार पुसायच्या सवयीने फडकं घेऊन खोलीत येतो, पलंग बघतो आणि गुपचूप माझ्या पायाशी बसतो. इतका वेळ माझ्याजवळ कधी बसला होता तो?

खुशीत असलेली,
तुमची बायको