खिडकीत मांडलेलं टेबल

हार्लेम, १४ ऑगस्ट १६३६
कागदा, काल काय सांगितलं ते विसरलास ना? तुझा तरी काय दोष – शाई आणायला ग्रीटच विसरली. मला अक्षर येत नाही. मी बोलते, माझी ही लेक ग्रीट लिहिते.

तर पुन्हा ऐक. कालव्यापलीकडे माझ्या चित्रकार लेकाच्या, योरिसच्या दारावर रोगाची खूण म्हणून गवताची पेंढी टांगली आहे. सुनेला प्लेग झालाय. आत जाईल त्याला बाहेर येता येत नाही. आत तिघं – योरिस, आल्टिये आणि चार वर्षांची ट्राइन.

१५ ऑगस्ट
ग्रीट उंबऱ्यावर टोपली ठेवून आली. योरिस आतूनच म्हणाला, "आईला सांग, रोज खिडकीत बघ. जितके पेले उभे, तितके आम्ही."

चित्रासाठी मांडतो तसंच मांडलंय. पांढरं कापड, हेरिंग मासा, तीन पेले. लिंबाची साल अखंड सोलून काठावरून लोंबती सोडलेली. लहानपणी जेवायला बसवला की ताटाकडे नुसता बघत राहायचा. मासा गार, मी गरम.

१७ ऑगस्ट
तीन पेले. झोप लागली.

१९ ऑगस्ट
एक पेला आडवा.

ग्रीट म्हणते, "अगं आई, दादा चित्रात नेहमीच एक पेला आडवा पाडतो. शोभेला."

हो, शोभेलाच. विणकाम ठेवून दिलं.

२० ऑगस्ट
पहाटे शवपेटी बाहेर नेली. आल्टियेची. शोभेला नव्हता तो पेला.

२२ ऑगस्ट
दोन पेले उभे. पण लिंबाची साल तुटली आहे – दोन ठिकाणी. योरिसच्या हातून साल कधी तुटत नाही. ग्रीटला सांगणार नव्हते. पण लिहिणार कोण? तीच.

२४ ऑगस्ट
कापड नाही. सगळं टेबलाच्या अगदी काठाला, लहान हात पोचेल तेवढंच. एक पेला उभा. लिंबू सोललेलं नाही, त्यावर बारीक दातांच्या खुणा.

ग्रीटनं पलीकडे जाऊन हाका मारल्या. दारामागून ट्राइन बोलली, "आत्या, बाबा उठत नाहीत. गार झालेत. आज मी मांडलं. आजीला दिसलं का?"

त्याच दिवशी, संध्याकाळी
ग्रीट, रडू नकोस, शाई पसरते. माझी शाल दे. मी पलीकडे निघाले.

उद्यापासून टोपली दोघींची भर. पोरीला कोमट दूध आणि मऊ पाव. मला हेरिंग, वर कांदा. आणि लिंबू पाठव – साल कशी सोलायची ते तिला दाखवीन.