राखणदाराचं पाणी

नाटे, ता. राजापूर
१२ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. फिनलंडचं तिकीट बघून पोस्टमनने ते आपल्या मुलासाठी मागून घेतलं, तेव्हा पुढच्या वेळी दोन लाव. तू हौसेने फोन करतेस आणि मी नुसतं 'बरं बरं' म्हणतो, त्याचा खुलासा एकदाचा करतो. मला काही ऐकू येत नाही. उभा जन्म लाँचच्या इंजिनाशेजारी काढलेल्या तांडेलाचे कान ते. म्हणून तू लिहीत जा, मी वाचत जाईन.

तू तिकडे करतेस काय, असं वाडीत सगळे विचारतात. इकडे प्रकल्प ठरल्यापासून अणुवीज हा शब्द काढला की अजून एका घराचे दोन तट पडतात. म्हणून मी सांगतो, माझी पुतणी दगड बघायला गेली आहे. वापरून झालेलं इंधन तांब्याच्या डब्यात भरायचं, भोवती चिकणमाती लिंपायची आणि चारशे मीटर खाली दगडात पुरायचं, हे तुझ्या पत्रावरून मला समजलं. म्हणजे चुलीतली राखच की. तांब्याचं मात्र पटलं. माझ्या आजीचा हंडा अजून गळत नाही.

आता कामाचं. तुझ्या काकूचे गुडघे गेले. विहीर खाली, घर वर कातळी सड्याच्या कडेला, आणि मधली घाटी तुला माहीत आहे. आपल्याकडे नळ आहे, त्याला पाणी सोडून बाकी सगळं येतं. डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद करा. ती हो म्हणाली आणि घरी येऊन कळशी घेऊन खाली गेली. हे बघवत नाही गं. येत्या उन्हाळ्याआधी मला परसात विहीर पाडायची आहे.

सगळा जांभा आहे, मऊ जागा एकच. राखणदाराचा तुकडा, देवाचा दगड आहे तो. तिथे पहार घालायची नाही, असं आजोबांनी माझ्या बापाला सांगितलं, त्याने मला आणि तुझ्या वडलांना. का, ते कुणी सांगितलं नाही. आप्पा गुरवाला विचारलं, तो म्हणाला देवाला चालणार नाही. का चालणार नाही म्हटल्यावर म्हणाला, बापाने सांगितलं नाही. वर्षाला एक नारळ फुटतो आणि तुझी काकू एक बोळकं भरून ठेवते, तेवढंच तिथलं पाणी. पण गवत बघ, शिमगा आला तरी तिथे हिरवं असतं. तू जमिनीतलं शिकलेली माणूस. पाणी लागेल का, हे कागदावर लिहून दे. तुझ्या अक्षराला गावात माझ्यापेक्षा वजन आहे.

थंडीत कानाला बांधत जा. लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तर ठेवायला जागा आहे.

तुझा,
गंगाराम काका

---

तुर्कू, फिनलंड
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप काकांस,
योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इथे दुपारी तीनला दिवे लावावे लागतात. बर्फ पहिले चार दिवस सुंदर असतं, मग ते नुसतं असतं. मी जेवते वेळेवर. मासे मिळतात पण त्यांना काही चव नाही, आणि हे इथल्या लोकांना सांगता येत नाही.

तुमच्या तुकड्याचं. कॉलेजात असताना मी आपल्या वाडीचा नकाशा केला होता, तो तुमचं पत्र आल्यावर पुन्हा काढला. सड्याच्या कडेला जांभा पातळ होतो आणि खाली चिकणमाती लागते. त्या मातीवर पाणी धरतं. कठीण कातळात मधेच मऊ जागा आणि त्यावर उन्हाळ्यातही ओलं गवत, याचा अर्थ आमच्या शास्त्रात एकच. पाणी लागेल. खुशाल खणा. पावसाळ्याआधी बांधून घ्या, नाहीतर कड ढासळेल. हे मी सही करून लिहिते आहे, आप्पा गुरवांना दाखवायला हरकत नाही. काकूची घाटी बंद झाली की माझी एक मोठी काळजी मिटेल. माझे आईवडील गेल्यावर ती मला कडेवर घेऊन तीच घाटी चढली आहे.

तुमच्या 'राखे'बद्दल. तुमची राख सकाळी निवते, ही लाखभर वर्षं निवत नाही. पुरायचं कसं हे इथल्या लोकांनी नीट सोडवलं आहे. दगड भक्कम आहे, मी रोज हाताळते. अडलंय ते दुसरीकडेच. दहा हजार वर्षांनी कुणी तिथे खणायला आला तर त्याला थांबवायचं कसं? तोवर आपली भाषा राहणार नाही, लिपी राहणार नाही. विद्यापीठात आमचा सातजणांचा गट यावर चर्चा करतो. कुणी म्हणतं प्रचंड शिळा उभ्या करा, कुणी म्हणतं वर जंगल वाढू द्या आणि सगळ्यांना विसरू द्या. मी राखणदाराची गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना फार आवडली. पण माझं मत मी स्पष्ट मांडलं. भीती घालून भागत नाही. कारण सांगितलं नाही तर पुढचा माणूस ऐकणार नाही.

तिकिटं दोन लावली आहेत. काकूला नमस्कार. माझी आठवण काढताना शिव्या थोड्या कमी घालाव्यात ही विनंती.

आपली,
योगिनी

---

नाटे
९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी देवळात वाचून दाखवलं. 'आमच्या शास्त्रात एकच' हे वाक्य लोकांच्या मागणीवरून दोनदा वाचलं. आप्पा गुरव शेवटी म्हणाला, पोरगी इतकी शिकली आहे तर मी कोण अडवणारा, पण आधी देवाला गाऱ्हाणं घालू. नारळ दिला, गाऱ्हाणं झालं, राखणदाराचा दगड उचलून माडाखाली ठेवला. त्याला म्हटलं, थोडे दिवस सरकून बस.

खरं सांगायचं तर तू नाही म्हणाली असतीस तरी मी खणणार होतो. पण 'गंगाराम खणतो' आणि 'योगिनीने सांगितलं म्हणून खणतो' यात फरक आहे, आणि तो मला चांगला कळतो. चाळीस वर्षं गावाशी वागून एवढी अक्कल आली आहे.

विहिरी खणणारा विठू आणि त्याचा भाऊ येत्या सोमवारपासून कामाला लागतील. तुझी काकू यावर काहीच बोलली नाही. ना हो, ना नको. एरवी खिळा ठोकायचा तर ती जागा दाखवते. मी समजलो, आनंदाने गप्प आहे. अनिलने मुंबईहून पंप पाठवायचं कबूल केलं आहे. मनिषा सूनबाई म्हणाली, आता गणपतीला आले की मी पण पाणी काढीन. बघू.

तुझ्या दहा हजार वर्षांच्या माणसाचा मी विचार केला. माझ्या मते तो मुळीच ऐकणार नाही. माझा अनिल दहा वर्षांचा होता तेव्हाही ऐकत नव्हता.

गटातल्या सहाजणांना माझा राम राम सांग आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काका

---

नाटे
२२ मार्च २०२५

चि. योगिनीस,
आशीर्वाद. वि. वि.

शिमगा झाला. पालखी आली तेव्हा तुझी काकू ओवाळायला उभी राहू शकली नाही, खुर्चीवर बसून ओवाळलं.

विहीर नाही झाली. विठू कमरेइतका खाली गेला तोवर माती लोण्यासारखी निघत होती. आम्ही खूश. मग पांढरा थर लागला. विठू म्हणाला चुना आहे, आणि मुठीत घेऊन दाखवला. शिंपल्या भाजून करायचे तसला जुना चुना, त्यात शिंपल्यांचे तुकडे अजून होते. जमिनीत चुना कोण कशाला घालेल, असं मी म्हणतोय तोवर त्याच्या फावड्याला हाड लागलं. मग दुसरं. गुरं पुरली असतील असं मी मोठ्याने म्हणालो. मग एक कवटी आली, ती लहान होती. विठू वर आला तो पुन्हा उतरला नाही, आणि मी त्याला उतर म्हटलं नाही.

आप्पा गुरव आला. म्हातारी माणसं जमली. सरपंचाने पोलीस पाटलाला बोलावलं, त्याने वर कळवलं, दोन माणसं येऊन बघून गेली. फार जुनं आहे, एवढंच म्हणाले. पटकीच्या साथीत भर पावसात सरणाला लाकूड नव्हतं तेव्हा लोक पुरले असतील, असा सगळ्यांनी अंदाज बांधला. आता अंदाज बांधायला सगळे हुशार. आम्ही होतं तसं मातीत परत घातलं, वर माती लोटली, दगड जागेवर आणून ठेवला.

म्हणजे ती जागा मऊ होती ती पाण्याने नव्हे. कुणीतरी आधी खणली होती म्हणून मऊ होती. आणि गवत हिरवं का, ते मी लिहीत नाही. तुला दोष देत नाही, तुझ्या सहीमागे लपलो तो मीच. पण मला दोन रात्री झोप नाही.

आणखी एक गंमत ऐक. राखणदार आहे म्हणत होते तोवर तिकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. आता खरं काय ते कळल्यापासून वाडीतली पोरं काठ्या घेऊन उकरायला येतात. मी दिवसभर पडवीत बसून त्यांना हाकलतो. तुझ्या गटाला हे कळव.

तब्येत सांभाळ. या म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
काका

---

तुर्कू
१० एप्रिल २०२५

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. शास्त्राचं जे ते आधी लिहिते. पटकीचे जंतू इतकी वर्षं मातीत जगत नाहीत. विठूला, तुम्हाला, कुणालाही त्यापासून धोका नाही. भीती घेऊ नका. त्या तुकड्यातला धोका कधीच संपला होता आणि निरोप मात्र चालू होता. इथे आम्हाला उलटी काळजी आहे.

नकाशावर मऊ जागा बघून 'अर्थ एकच' असं मी लिहिलं. खणून बुजवलेली जमीनही मऊच असते, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. मला सुचलं नाही, कारण मला काकूसाठी पाणी हवं होतं.

गटात मी सगळं सांगितलं. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, तुमच्या पूर्वजांची खूण शंभर वर्षं टिकली आणि पहिल्याच भूशास्त्रज्ञापुढे पडली. पोरं काठ्या घेऊन येतात हेही सांगितलं, ते सगळ्यांनी लिहून घेतलं. कारण सांगावं, असं मी जानेवारीत ठासून म्हटलं होतं. आता मला तेवढी खात्री नाही.

दुसरी जागा नकाशावर दाखवून पाठवते आहे, चिंचेच्या पलीकडे. तिथे कठीण जांभा आहे, वेळ लागेल, पण तिथे कधी कुणी खणलेलं नाही. एक राहून राहून मनात येतं. काकू गप्प होती असं तुम्ही लिहिलंत. तिला एकदा विचाराल का? ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

मी जूनमध्ये येते आहे. तोवर माया आहे ती जपून ठेवा, मी मागायला येईन.

आपली,
योगिनी

---

नाटे
४ मे २०२५

चि. योगिनी हीस,
काकूचे आशीर्वाद.

मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षराला हसू नको. तुझे काका मिरकरवाड्याला जाळ्याच्या कामाला गेलेत. त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तुला म्हणून लिहिते. हे बाईने बाईला सांगायचं असतं, पुरुषांना नाही.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला बोळकं भरून तिथे नेलं. नारळ देवाचा, तो गुरव फोडील, पण हे पाणी आपलं, असं म्हणाल्या. मग चुलीपाशी बसवून सांगितलं. तुझ्या काकांच्या आजीच्या दोन मुली तिथे आहेत. वाडीतल्या बाकीच्यांबरोबर. साथ आली तेव्हा आजाऱ्याला पाणी द्यायचं नाही असं सगळे मानत. पाणी दिलं की दुखणं वाढतं म्हणत. त्या पोरी दोन दिवस पाणी मागत होत्या. त्यांच्या आईने हंडा भरलेला असून दिलं नाही. मोठ्यांचं ऐकलं. पोरी गेल्या. मग ती दरवर्षी त्यांना पाणी नेऊन द्यायला लागली. ती थकली तेव्हा तिने सासूबाईंना सांगितलं. आपण पाणी दिलं नाही, हे घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणाली.

विठूने पहिली पहार घातली तेव्हा मी पडवीतच होते. एक शब्द बोलले असते तर काम थांबलं असतं. बोलले नाही. मला पण पाणी हवं होतं गं. गुडघ्यांपुढे माझी अक्कल चालली नाही. मनात म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता कुठे काय असणार. त्यांना पाणी दिलं नाही म्हणून त्या गेल्या आणि आम्ही पाण्यासाठी त्यांनाच खणून काढलं. ते छोटं डोकं मी माझ्या लुगड्यात गुंडाळून परत ठेवलं. त्यावर बोळकं ओतलं. तेव्हा सगळे बघत होते, पण मी का ओतते हे कुणी विचारलं नाही.

चिंचेकडची जागा विठूने बघितली. पाऊस संपला की बघू म्हणतो. तोवर मी घाटी चढते, बसत बसत. तू काळजी करू नको. आणि आलीस की तुझं ते सामान उतरवून आधी कळशी घे.

मनिषाला सांगायचं होतं. सून गुणाची आहे. पण गणपतीला पाच दिवस येते, त्यात मोदक होतात, हे होत नाही. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. म्हणून तुला सांगितलं. तुम्ही सातजण मिळून दगडावर काय लिहायचं ते लिहा, त्यातलं मला कळत नाही. मला एवढंच कळतं की आता ही गोष्ट तुझ्याकडे आली आणि बोळकंही आलं.

तू कुणाला सांगणार, ते आत्तापासून बघून ठेव.

तुझी,
सोनूकाकू