नाव आत्यानंच ठेवायचं

क्रॉयडन, लंडन, २ मार्च

सौ. अनुयाताईस धाकट्या कुशचा सा. न. वि. वि.

म्हणजे आता मी तुझा हक्कही विकून खाल्ला! स्वतः फोन उचलायचा नाही आणि भाऊजींकडून असले निरोप धाडायचे, बरं आहे तुझं. आत्याशिवाय बारसं नाही, एवढं मला आठवी नापासालाही कळतं गं.

पण मुलगी झाली तर आईचंच नाव, यमुना, हा हट्ट सोड. तोयिनच्या माहेरची माणसं नायजेरियाची, योरुबा. बाळ कोणत्या वेळी आलं, घरात काय घडलं होतं, ते बघून आठव्या दिवशी नाव ठेवतात. आधी ठरवतच नाहीत. मी सासूबाईंना सांगितलं, आमच्याकडे नाव आत्याच ठेवते. त्या म्हणाल्या, मग तिलाच विचार, फक्त नाव आमच्या भाषेतलं असू दे. पोस्टाला पंधरा दिवस लागतात म्हणून आधी विचारायची सूटही दिली.

तर ही नावं. अयोमिदे, म्हणजे माझा आनंद आला. मोरेनिके, म्हणजे लाड करायला कुणी मिळालं. तेमितोपे, म्हणजे देवाचे आभार मानावेत असं माझ्या पदरी पडलं. यातलं एक निवड.

हॅरोचं किचन सोडलं, लेस्टरचं गोदाम सोडलं, पण डिलिव्हरीच्या व्हॅनवर सहा महिने टिकलोय. हसू नकोस.

राग ठेव, पण त्याखाली थोडा लोभही असू दे.

तुझा कुश

---

वाई, १७ मार्च

चि. कुश यास अनेक आशीर्वाद.

तोयिनचे पाय सुजतात का, ते एका शब्दानं लिहिलं नाहीस. तिला म्हणावं, उशीवर पाय ठेवून पडत जा.

तुझी यादी वाचली. शेजारच्या अनयला बसवून मोबाइलवर आणखी नावं शोधायला लावली. त्या लोकांत आजी गेल्यावर घरात मुलगी झाली तर तिचं एक ठरलेलं नाव असतं. येतुंडे, म्हणजे आई परत आली. तुझ्या घरात राहणाऱ्या माणसांना हे ठाऊक नसेल? आणि तू नेमकं तेवढंच गाळलंस. मला काय वेडी समजतोस?

आई गेली तेव्हा तू आला नाहीस म्हणून मी फोनवर म्हणाले होते, आजपासून ती तुझी कुणी नाही. तेच धरून बसलास ना? पासपोर्ट व्हिसासाठी दिलेला होता, हे मलाही माहीत होतं रे. पण चार खांदेकऱ्यांत तू दिसला नाहीस आणि माझं डोकं फिरलं. बोलून गेले, आता ते परत घेते.

मुलगी झाली तर येतुंडे. यमुनाचा हट्ट सोडला. मुलगा झाला तर अयोमिदे. आत्याचा शब्द आहे, त्यात बदल चालायचा नाही.

तोयिनला आशीर्वाद. विहीणबाईंना नमस्कार. वेळेवर जेव.

ताई

---

क्रॉयडन, ९ एप्रिल

सौ. ताईस कुशचा शिरसाष्टांग नमस्कार. यावेळी मनापासून.

मुलगी झाली! एकतीस तारखेला, पहाटे. तोयिन छान आहे, सूज उतरली.

तुझं पत्र बारशाच्या आदल्या दिवशीच पोचलं. किचनमध्ये उभ्यानंच वाचलं. खरं आहे ताई, ते नाव मला माहीत होतं. तोयिनच म्हणाली होती, ते लिही. पण ज्यानं आईला खांदा दिला नाही, त्यानं कुठल्या तोंडानं म्हणायचं की आई माझ्या घरी आली?

सासूबाईंना पत्राचा अर्थ सांगितला तर त्या हसायला लागल्या. त्यांच्या मनात पहिल्यापासून हेच नाव होतं, पण मान आत्याचा म्हणून गप्प बसल्या होत्या. आहे की नाही तुझ्या तोडीची विहीण?

आठव्या दिवशी बाळाच्या जिभेला मध, मीठ, पाणी लावलं. मग मी तुझ्या जागी बसलो आणि कुर्रर्र करून कानात नाव सांगितलं. आमच्याकडे त्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे मी आधी बोलून बसलो, तीच चूक झाली. तोयिनच्या सहा मावश्या, एकेकीचा हात काय सांगू! तुझ्या वाटचे सगळे मी खाल्ले. दोन दिवस व्हॅनमध्ये पाठ टेकवत नाही.

येतुंडे झोपेत ओठ मुडपते. आई मुडपायची तस्सेच. तू येऊन बघ, मग सांग मी खोटं बोलतो का.

माया आहे तशी राहू दे, थोडी हिच्याकडेही वळव.

तुझा कुश

ता. क. नाव ठेवणाऱ्या आत्याला मानाची साडी लागते. भाऊजींच्या खात्यावर पाठवतोय, रंग तूच निवड. रुपये नऊ हजार पाचशे फक्त.