बंद बॉनेटखालची हवा

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा मोटारींची इंजिनं ट्यून करण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर असून माझ्यामागे माझ्या मालमत्तेचं काय व्हावं ते स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी शेजारी बसली आहे, पण ती वाटाणे सोलते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर सांगतात, पण सांगताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघतात, म्हणून हा खटाटोप.

मृत्युपत्रात मोजकंच लिहावं, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. त्यांनी जे खोडलं ते मी खाली पुन्हा लिहिलं आहे.

कलम एक. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली सगळी शिल्लक माझ्या पत्नीला मिळावी. माझी आरामखुर्ची तिने खुशाल भंगारात द्यावी, तिची ही इच्छा जुनी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतला पंखा मात्र काढू नये. तो गरम हवा बाहेर टाकतो, आत घेत नाही, हे तिला पटवताना माझी अर्धी उमर गेली.

कलम दोन. वर्कशॉपची माझी अर्धी शेड, गाड्या उचलायची लिफ्ट आणि सर्व हत्यारं मुलीला मिळावीत. तिला शिकवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. “फक्त एअर फिल्टर बदला, गाडी पळेल” असं म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने आधी चहा द्यावा. मग शांतपणे सांगावं की इंजिनाला थंड हवा लागते. थंड हवा दाट असते, तिच्यावर पेट्रोल चांगलं जळतं. कंपनीचा फिल्टरचा डबा दिसायला बावळट असतो, पण तो पुढच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो. तो काढून बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला, की इंजिन स्वतःचीच धग परत पिऊ लागतं. मग गाडीतला कॉम्प्युटर घाबरून हात आखडता घेतो आणि ताकद वाढायची ती उलट कमी होते. एवढं ऐकूनही गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर फिल्टर लावून द्यावा. आवाज छान येतो, आणि तेवढ्यावर खूश होणारी माणसं वाईट नसतात.

कलम तीन. या कलमात देण्याघेण्याचं काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला एक धाकटा भाऊ आहे. गल्लीत त्याला ‘भोंगा’ म्हणतात, कारण दिसेल त्या गाडीत त्याने भोंग्यासारखा उघडा फिल्टर बसवला. शेड आम्हा दोघांची. आम्ही मिळून एक लाल गाडी बांधली होती. भंगारातून आणली तेव्हा तिला दारंसुद्धा धड नव्हती. तिच्यात त्याने आपला लाडका फिल्टर बसवला आणि ताकद मोजायच्या रोलरवर तिला चढवलं. बॉनेट सताड उघडं, समोर माणूस उडेल एवढा पंखा. अर्थात ताकद वाढलेली दिसली. भाऊ नाचायचाच बाकी होता. त्याच संध्याकाळी बाहेर पाटी लागली, ‘ताकद वाढवून मिळेल, खात्रीशीर’.

आमच्या धंद्यातली ही नेहमीची चूक आहे. गाडी मोजतात बॉनेट उघडून आणि चालवतात बंद करून. मी फिल्टरच्या तोंडाशी थर्मामीटरची तार सोडली, बॉनेट लावलं आणि भर दुपारी गर्दीतून गाडी काढली. बाहेर पस्तीस अंश होते आणि फिल्टरशी सत्तर. सिग्नल सुटला तेव्हा भाजीचा टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. परत येऊन मी हे भावाला सांगितलं. त्या वेळी त्याची गिऱ्हाइकं तिथे उभी होती. मी जरा दम धरायला हवा होता असं पत्नीचं मत आहे. माझं मत असं, की समोर कोण उभं आहे ते बघून तापमान बदलत नाही.

त्यावर भाऊ एवढंच म्हणाला, “दादा, तू आकडेच बघत बस. गाडी काय म्हणते ते तुला कधी ऐकू आलंच नाही.” दुसऱ्या दिवशी शेडच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. रोलर त्याच्या बाजूला गेले, लिफ्ट माझ्या बाजूला राहिली. त्यामुळे माझ्या गाड्या मोजायला तिकडे जातात, त्याच्या उचलायला इकडे येतात, आणि मुलगी त्या नेते-आणते. तिच्याशी आम्ही दोघंही खूप बोलतो. एकमेकांशी मात्र तेव्हापासून अवाक्षर नाही.

गेल्या वर्षी त्याची एक गाडी माझ्याकडे आली. बॉनेट उघडून पाहतो तर फिल्टरभोवती पत्र्याचा बंदिस्त डबा, आणि पुढच्या बंपरपासून त्यात आणून सोडलेली हवेची नळी. मुलीला थर्मामीटर लावून गर्दीतून चक्कर मारायला पाठवलं. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम पाचसहा अंश गरम, आणि आवाज तसाच खणखणीत. पत्रा इतका सफाईने वाकवला होता की मी त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. मला ते तसं जमलं नसतं. म्हणजे माझं म्हणणं आमच्या बंधुराजांना पटलं होतं, आणि हे त्यांनी मला सोडून सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

मला तो हवा आहे. पत्र्यापलीकडे तो शिंकला तरी मला ऐकू येतं. ऑपरेशनला जाण्याआधी त्याने एकदा माझ्याशी बोलावं, शिव्या दिल्या तरी चालेल, एवढीच माझी इच्छा आहे. ती कोणत्याही कायद्याने पुरी करता येत नाही असं वकीलबाई म्हणतात.

कलम चार. म्हणून ती लाल गाडी भावाला मिळावी. ती माझ्या नावावर आहे आणि सध्या तिच्यात कंपनीचा डबा आहे. त्याने त्यात काय हवं ते बसवावं, माझी कसलीही अट नाही.

कलम पाच. तेलात बुचकळलेले फिल्टर विकत हिंडणाऱ्या एजंटाला काहीही मिळू नये. त्याच्या तेलाने बरबटलेले हवेचे सेन्सर पुसून माझी बोटं झिजली. माझ्यामागे माझ्या आठवणीसाठी म्हणून कोणी इंजिन रेस करू नये. थंड इंजिन रेस करणं वाईट. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी.

पुरवणी, सही करण्याआधी माझ्या हाताने लिहिलेली. साक्षीदार म्हणून टायरवाला आला. दुसरे साक्षीदार बँकेतले कारकून येणार होते, त्यांना ताप आला. मुलगी मला न विचारता पत्र्यापलीकडे गेली आणि काकाला घेऊन आली. त्याने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळं वाचून काढलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, सही केलीत तर गाडीवर पाणी सोडावं लागेल, असं वकीलबाईंनी त्याला बजावलं. त्याने कलम चार पुन्हा वाचलं आणि पेन मागितलं.

“मेल्यावर गाडी देतोस होय, दादा?” तो म्हणाला. “मला नको. तू ऑपरेशन करून ये. मग समोर बसून भांडू.”

सबब कलम चार रद्द समजावं आणि लाल गाडी मुलीला मिळावी. माझी इच्छा पुरी झाली आहे. बाकीचा मजकूर कायम.

ठिकाण: आमची शेड, पत्र्याच्या अलीकडे.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.
मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (सही)

साक्षीदार पहिला: टायरवाला, समोरच्या दुकानाचा. (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. (सही) दादा पूर्ण शुद्धीवर आहे. त्याने माझ्यासमक्ष सही केली. कागद मी धरला होता.