चौघांच्या बैठकीत बोललेलं

२१ जुलै ६४, मंगळ.
रामनाथनचा राजीनामा. पहिल्या तासाआधी आला, उभ्याउभ्याच टेबलावर ठेवला. अकाउंटन्सीला माझ्याकडे हाच एक धड माणूस. विद्यापीठाचं तपासणी-मंडळ पुढच्या महिन्यात येतंय. रा. नसेल तर बी.कॉम.ची मान्यता गेलीच.
कुठं चाललास, विचारलं.
"ओरत्तनाडूच्या पलीकडं, सार. नवं कॉलेज. कायम नेमणूक देतात."
म्हणजे नटराजन. आमच्याच बैठकीतला!

२२ जुलै
राग उतरत नाही. आम्ही चौघं, चौघंही कॉमर्स कॉलेजांचे नवे प्राचार्य. खुर्चीत बसवलं, पण पुढं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. म्हणून ही बैठक. महिन्याचा पहिला रविवार, एकेकाच्या घरी. जेवणाआधी आपापली अडचण सांगायची. ऐकलेलं त्या घराबाहेर न्यायचं नाही. हा नियम कोणी केला? नटराजननंच.
गेल्या खेपेला मी काय बोललो ते आठवतंय. रा.सारखा शिकवणारा मद्रासलाही पाहिला नाही म्हणालो. त्याला कायम करा म्हणून संस्थेच्या सेक्रेटरींना सांगून थकलो, ते ऐकत नाहीत, हेही. नटराजन मान डोलवत होता. डोलवत कसला, माल पारखत होता.

२४ जुलै, शुक्र.
नटराजनला फोन लागला. स्वर कसा, तर लग्नघरातला.
"अण्णा, तुमच्याकडं त्याला कायम करत नव्हते, माझ्याकडं जागा होती. दोघांचं काम झालं!"
"माझं कुठलं झालं?"
"तपासणी माझीही आहे, अण्णा."
फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. कारकून बघत राहिला.

२५ जुलै
सौ. विचारते, "दोन तारखेला पाळी आपली. अस्के, सगळेच येतील. डांगर पचडी करूं? की त्या नटराजनच्या पानांत नुस्तं मीठच वाढूं?"
हसू आलं नाही. करशील ते कर म्हटलं.

२८ जुलै
थॉमस भेटायला आला. बैठकीत सगळ्यांत शांत हाच. म्हणतो, "एका माणसापायी बैठक मोडू नका. आपल्याला दुसरं आहे कोण?"
"माझ्याकडं तर तो एकच माणूस होता."
कॉफी पिऊन गेला.

३० जुलै, गुरु.
रा.ला बोलावलं. थांब म्हटलं, सेक्रेटरींशी पुन्हा भांडतो.
"पुन्हा म्हणजे? आधी भांडलात, सार?"
"कितीदा तरी!"
"मला कुठं ठाऊक? मला वाटलं, तुम्हालाच मी नको."
हे ऐकून आणखी भडकलो. प्राचार्यानं काय येता-जाता पाठ थोपटत फिरायचं? तो नमस्कार करून गेला.
वर्तमानपत्रात बाजाराचं पान लिहिण्यात निम्मं आयुष्य गेलं. मजकूर वेळेत द्यायचा. परत आला नाही म्हणजे बरा होता. कोणी बोलून दाखवत नसे. आम्ही नाही मेलो त्यानं.

२ ऑगस्ट, रवि.
तिघं आले. नटराजन केळीचा घड घेऊन. तोंड वर करून!
यजमानानं आधी बोलायचं. म्हटलं, "माझी अडचण या महिन्यात समोरच बसलीय. केळी घेऊन आलीय."
गोविंदराजन, आमच्यातला चौथा, पंख्याकडे बघत राहिला.
नटराजननं पेला खाली ठेवला. "नियम मोडला, कबूल. पण पगार तेवढाच देतोय, अण्णा. कायम नेमणुकीचं सांगितलं तेव्हा विचार करतो म्हणाला. मग तुम्ही इथं त्याच्याबद्दल जे बोललात ते सांगितलं. शब्दन् शब्द. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, येतो."
माझेच शब्द वापरून माझाच माणूस नेला! चालता हो म्हणणार होतो. तेवढ्यात सौ. पानं मांडत आली.
"भांडण जालं असेल तर बसा. नसेल जालं तर जेवून भांडा."
जेवले. मी जेवलो नाही. पुढची बैठक कुणाकडं, ते कोणी बोललं नाही.
ते गेल्यावर सौ. म्हणते, "रामनाथनला चार बरे शब्द सांगायला तुम्हांला परगांवचा माणूस लागतो?"


३ ऑगस्ट, सोम.
राजीनाम्यावर सही केलेली नाही. सेक्रेटरींकडे गेलो, पुन्हा नकार. "बघू" एवढंही नाही. नटराजनवरचा राग आहे तसाच आहे, आणि तो राग जाऊही नये.
संध्याकाळी रा.च्या घरी. बायको म्हणाली, येतीलच. दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण ते अग्रलेखासारखं होत होतं.
तो कोपऱ्यावरून आला. मला बघून सायकलवरून उतरला, पण पायरीशीच थांबला.
"तपासणीसाठी आलात, सार?"
"त्यासाठीही. पण आधी दुसरं बोलायचंय."
त्यानं सायकल भिंतीला लावली नाही. हँडल धरून उभाच.
"बोला, सार."