कुणाची गं तू?

मु. ईट, मंगळवार, संध्याकाळ

बाजारात वहिनी वांगी निवडत होती आणि तेवढ्यात दादाची पाच वर्षांची चिऊ एका अनोळखी माणसाचा हात धरून केळीच्या गाड्यापर्यंत पोचली. मी धावत गेले. त्यानं हात सोडला. "एकटी दिसली, आईकडं आणत होतो," म्हणाला. पण तो उलट्या दिशेला चालला होता. की गर्दीत मलाच तसं वाटलं? उगीच आळ घेतेय का त्याच्यावर?

घरी चिऊला विचारलं, "ओळखत होतीस त्याला?"

"व्हय. पप्पांचा दोस्त हाय. त्याला पप्पांचं नाव माहीत होतं."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मीच की."

आमच्याकडं पोर बोलायला लागलं की हेच आधी पाठ करून घेतात. कुणीही 'कुणाची गं तू?' विचारलं की बापाचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं सांगायचं. न अडखळता सांगितलं की कौतुक. माझ्या वडिलांनी, आबांनी, मलाही असंच शिकवलं.

आबा म्हणाले, "गावात कोण परकं हाय? पोरीला माणसांत वाढवायचंय का न्हाय?" तेही खरंच. तिला सगळ्यांचीच भीती घालायची का? पण तो उलट्या दिशेलाच चालला होता.

शेवटी चिऊला शिकवलं, असं कुणी न्यायला लागलं की हात ओढून घ्यायचा आणि आईला जोरात हाक मारायची. मग सरावासाठी मीच अनोळखी माणूस झाले. हात पुढं केला. "चल, तुझ्या पप्पांचा दोस्त हाय मी." चिऊनं हात मागं घेतला आणि 'आई' म्हणून किंचाळली.

"पोरीच्या जातीनं एवढं वरडू न्हाय," आबा ओसरीवरून म्हणाले.

आबांना मी कधी उलटून बोलले नाही. आजही नाही बोलले. चिऊला तेवढं म्हणाले, "अजून मोठ्यानं."